ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड : बॉलरूम स्पर्धेत कुठली फिगर चालते आणि कुठली नाही?

पामबीचची_वेल (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

मी आणि नवरा गेली तीन वर्षं बॉलरूम, म्हणजे जोडीने नाचायचे पाश्चात्त्य नाच, शिकतोय. त्यातला आमचा प्रकार इंटरनॅशनल स्टॅंडर्ड, म्हणजे वॉल्ट्झ, टँगो, क्विकस्टेप वगैरे. राहतो नेरूळला, क्लास ठाण्यात. आठवड्यातून दोनदा ऑफिस सुटलं की बुटांची पिशवी घेऊन ठाण्याची लोकल गाठायची, परतताना साडेदहा वाजतात. इथे कुणी बॉलरूमवर लिहिलेलं दिसलं नाही म्हणून धागा काढतेय, आणि जे आम्हाला फार उशिरा कळलं ते निदान दुसऱ्यांना आधी कळावं एवढीच इच्छा आहे.

गेल्या हिवाळ्यात पहिल्यांदा स्पर्धेत उतरलो. गट : प्रौढ, ब्रॉन्झ, वॉल्ट्झ. (ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड या चढत्या पायऱ्या. फिगर म्हणजे ठरलेल्या पावलांचा तुकडा, आणि कुठल्या पायरीला कुठल्या फिगर चालतात याची यादी असते. फिगर जोडून होतं ते रूटीन.) पहिली फेरी झाली, पुढच्या फेरीसाठी आमचा नंबर पुकारला. आनंदात पाणी पीत होतो, तेवढ्यात प्रमुख परीक्षकांनी बाजूला बोलावलं. अगदी शांतपणे म्हणाले, "तुमच्या रूटीनमध्ये ओपन इंपेटस आहे. ती ब्रॉन्झच्या यादीत नाही. पुढच्या फेरीत काढा, नाहीतर शेवटचा क्रमांक द्यावा लागेल."

आमच्याकडे दहा मिनिटं होती. ओपन इंपेटस म्हणजे काय हे मला नीट माहीतही नव्हतं. मी ती फिगर "वळून उघडायची ती" म्हणून ओळखत होते. नवऱ्याने ती काढली, पण तिच्या पुढचं सगळं तिच्यावरच उभं होतं. दुसऱ्या फेरीत हॉलच्या आखूड बाजूला पोचलो आणि तो थांबला. संगीत चालू, बाकीच्या जोड्या आमच्या बाजूने जातायत आणि आम्ही एकमेकांचे हात धरून उभे. फायनलला गेलो नाही.

क्लासमध्ये विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, "छोट्या स्पर्धांमध्ये एवढं कुणी बघत नाही." मला ते फार लागलं. आम्ही चुकलो याचं वाईट वाटलं नाही. आपण चुकतोय हे ज्यांना माहीत होतं त्यांनी सांगितलं नाही, याचं वाटलं.

मग मी यादी मिळवली आणि बसून वाचली. इथे फरक बघा. क्लोज्ड इंपेटस ब्रॉन्झमध्ये आहे, ओपन इंपेटस सिल्व्हरमध्ये. दोन्हींची पहिली दोन पावलं सारखीच. पुरुष डावा पाय मागे टाकतो, उजवा त्याच्याजवळ आणून टाचेवर वळतो, बाई त्याच्याभोवती फिरून येते. फरक तिसऱ्या मोजणीला. क्लोज्डमध्ये दोघं समोरासमोरच राहतात. ओपनमध्ये जोडी प्रॉमिनाडमध्ये उघडते, म्हणजे हातांच्या दिशेने इंग्रजी 'व्ही'सारखी होते, आणि बाईची मान डावीकडून उजवीकडे जाते. परीक्षकांना आमचे पाय बघायची गरजच पडली नसणार. माझी मान वळलेली हॉलच्या त्या टोकावरूनही दिसली असेल.

आणखी एक. आम्ही उघडल्यावर शासे घेत होतो, म्हणजे प्रॉमिनाडमधून एक-दोन-आणि-तीन. शासे ब्रॉन्झमध्येच आहे! पण तिथपर्यंत जायची ब्रॉन्झची वाट व्हिस्कमधून (पाय मागे ओलांडून उघडायची फिगर) आहे, आणि आम्ही सिल्व्हरच्या वाटेने गेलो. एकटी फिगर चालत असली तरी तिच्या आधी काय घेतलंय हेही बघावं लागतं. हे कुणी सांगितलं नव्हतं.

अजून एक मनातलं. घरी प्रमाणपत्र आणलं, त्यावर मोठ्या अक्षरात 'ब्रॉन्झ'. सासूबाई मायेने म्हणाल्या, "कांस्य का होईना, पहिल्याच वेळी तिसरा नंबर, कमी नाही हं!" मी त्यांना काय समजावणार? ब्रॉन्झ हा नंबर नाही, इयत्ता आहे. तुम्ही ब्रॉन्झमध्ये पहिले येऊ शकता आणि गोल्डमध्ये शेवटचे. ही नावं मुळात पदक-परीक्षांवरून आली, तिथे ब्रॉन्झ-सिल्व्हर-गोल्ड अशा चढत्या परीक्षा देतात. स्पर्धेत त्याच पायऱ्यांचे गट झाले.

ज्यांना या विषयातलं कळतं त्यांनी लिहावं. सुधारणा असतील तर जरूर सांगा.

---

खर्ज_नौपाडा

वा, छान विषय. मला नाचातलं काही कळत नाही, पण वाचताना गांधर्वच्या परीक्षा आठवल्या. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा, विशारद. प्रत्येक परीक्षेला नेमलेले राग, नेमलेले ताल. प्रवेशिकेच्या परीक्षेत कुणी अवघड जोडराग गायला बसलं तर परीक्षक थांबवणारच. तसंच ना हे?

---

पामबीचची_वेल

@खर्ज_नौपाडा, अगदी तसंच! आणि तुमच्या उदाहरणाने माझ्या मनातली गोष्ट सोपी झाली. भूप अगदी सुरुवातीला शिकवतात. पण म्हणून भूप हा 'सोपा' राग आहे का? किशोरीताईंचा भूप ऐकलेला माणूस असं म्हणणार नाही. तसाच वॉल्ट्झमधला नॅचरल टर्न, उजवीकडे वळायची फिगर. पहिल्या महिन्यात शिकवतात, आणि जगातल्या अव्वल जोड्याही इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलच्या एम्प्रेस बॉलरूममध्ये तोच घेतात. यादी सांगते तुम्ही काय नाचू शकता. कसं नाचता हे यादीत कुठेच नसतं.

---

घोडबंदर_रात्रपाळी

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मला ही बंधनं पटत नाहीत. कला आहे, शाळेची परीक्षा नाही. एखाद्या जोडीला ओपन इंपेटस सुरेख जमत असेल तर त्यांना का अडवायचं? ज्याला चांगलं येतं त्याला मागे धरायचं आणि नियमाने चालणाऱ्याला पुढे काढायचं, हा कुठला न्याय?

---

टाच_पंजा

मी ठाण्यात शिकवतो, स्टॅंडर्ड आणि लॅटिन (रुंबा वगैरे नाचांचा गट) दोन्ही. धागाकर्तीचं आधी अभिनंदन, तिसऱ्या वर्षात असं वाचणारे विद्यार्थी फार कमी मिळतात. आणि एक शिक्षक म्हणून वाईटही वाटलं. नाव नोंदवण्याआधी विद्यार्थ्याच्या हातात यादी देणं हे आमचं काम आहे.

@घोडबंदर_रात्रपाळी, तुमचा प्रश्न रास्त आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी हे कुठून आलं ते. लंडनची इंपीरियल सोसायटी ऑफ टीचर्स ऑफ डान्सिंग, आम्ही आयएसटीडी म्हणतो, १९०४ ची. त्यांची बॉलरूम शाखा १९२४ मध्ये सुरू झाली. त्या काळात लंडनच्या हॉलांमध्ये नवं संगीत आलं होतं आणि जो तो आपल्या मनाने नाचत होता. एकाच फिगरला चार नावं, चार पद्धती. शिक्षकांनी बसून प्रत्येक फिगरचं पाऊल न् पाऊल ठरवलं : पाय कुठे, दिशा कुठली, वळण किती, टाच की पंजा, उठायचं कधी, बसायचं कधी. आजची यादी त्यातूनच वाढत आली. म्हणजे हा मुळात आडकाठी घालणारा नियम नव्हता. अनोळखी जोडीदाराबरोबरही नाचता यावं म्हणून केलेली सामाईक भाषा होती.

आता अडवायचं का, याचं उत्तर. पहिल्या फेरीत एका वेळी समजा सहा जोड्या फ्लोअरवर असतात आणि गाणं दीड मिनिटाचं. एका जोडीच्या वाट्याला परीक्षकाची पंधरा सेकंदं येतात. सगळे एकाच यादीतलं नाचत असतील तर त्या पंधरा सेकंदांत दिसतं की कोणाचा पाय तालावर आहे, कोणाची चौकट, म्हणजे हात-खांद्यांची धरण, टिकते, कोण आपल्या जोडीदाराला ढकलतंय. एक जोडी मधेच मान फिरवून उघडली की डोळा तिकडे जातो. जिने महिनोन् महिने क्लोज्ड इंपेटसवर घाम गाळला ती जोडी त्यात झाकून जाते. न्यायाचा प्रश्न त्या जोडीच्या बाजूनेही आहे.

दुसरं, आणि मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं. नॅचरल टर्नमध्ये पहिल्या पावलाच्या शेवटी उठायला सुरुवात होते. पण जो मागे जात असतो त्याने पहिल्या पावलावर पाय उचलायचा नसतो. शरीर उठतं, टाच जमिनीवरच राहते. आम्ही याला 'नो फूट राइज' म्हणतो. बघायला काहीच नाही. पण बाईने तिथे टाच आधी उचलली की तिचा तोल पुढच्या माणसावर जातो आणि त्याचं दुसरं पाऊल आखूड पडतं. हे अंगात मुरायला वर्ष जातं. ते मुरण्याआधी मुलांना सिल्व्हरच्या फिगर दिल्या की प्रत्येक फिगरमध्ये तोच दोष घेऊन फिरतात. मी माझ्या वर्गात हे इतक्या वेळा पाहिलंय की आता घाई करणाऱ्या पालकांशी वादही घालतो.

नावांवर तर अजिबात जाऊ नका. टँगोमध्ये 'फाइव्ह स्टेप' ऐकून वाटतं पाच पावलं, काय अवघड? ती गोल्डमध्ये आहे. क्विकस्टेपमध्ये 'रुंबा क्रॉस' नावाची फिगर आहे, तिचा लॅटिनमधल्या रुंब्याशी गोंधळ करू नका, तीही गोल्डमध्ये. आणि उलट, डबल रिव्हर्स स्पिन एवढं भारी नाव, वॉल्ट्झमध्ये आयएसटीडीच्या ब्रॉन्झ यादीत आहे! फॉलअवे रिव्हर्स अँड स्लिप पिव्हट, काँट्रा चेक या मात्र गोल्डच्या.

आणि एक सावधगिरी. याद्या संस्थेगणिक बदलतात. आयएसटीडीची वेगळी, जागतिक डान्सस्पोर्ट फेडरेशनची वेगळी, अमेरिकन स्टाइलचं सगळं गणितच निराळं. तिथल्या ब्रॉन्झ फॉक्सट्रॉटमध्ये पाय जुळवून संपवायचे, सरळ पुढे ओलांडत जायची सवलत सिल्व्हरपासून. म्हणून आयोजकांना एकच प्रश्न लेखी विचारा : तुमच्या ब्रॉन्झला यादी कोणाची?

---

घोडबंदर_रात्रपाळी

@टाच_पंजा, पंधरा सेकंदांचं पटलं. आधी असा विचार केला नव्हता. त्या दुसऱ्या जोडीच्या बाजूने मी पाहिलंच नव्हतं.

पण मग एक सांगा, वर गेल्यावर तरी मोकळीक मिळते का?

---

टाच_पंजा

मिळते. गोल्डच्या पुढचे गट 'ओपन' असतात, तिथे यादी नाही. स्वतःच्या फिगर रचा, इतर नाचांतून आणा. तरी लिफ्ट चालत नाही. जोडीदाराच्या मदतीने दुसऱ्याचे दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटले की ती लिफ्ट. टीव्हीवरच्या कार्यक्रमात जे उचलणं-फेकणं दिसतं ते शो डान्सचं, स्पर्धेच्या वॉल्ट्झ-टँगोचं नाही.

---

खारघर_टेकडी

माझा भाचा अमेरिकेत कॉलेजला आहे, तिथे कॉलेजांच्या स्पर्धांत नाचतो. मागच्या महिन्यात फोनवर सांगितलं, "मामा, मी नॉव्हिसमध्ये गेलो!" मी म्हटलं, "अरे, इतकी वर्षं नाचून अजून नवशिकाच?" बिचारा हिरमुसला. नंतर कळलं की तिकडे क्रम असा असतो : न्यूकमर, ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड, मग नॉव्हिस, प्री-चॅम्पियनशिप, चॅम्पियनशिप. म्हणजे नॉव्हिस ही ओपनची पहिली पायरी, गोल्डच्या वर! नावावरून मी त्याला नवशिक्यांत बसवलं होतं. ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांनी लक्षात ठेवा, माझ्यासारखं बोलू नका.

पायरी कशी चढतात तेही त्याने सांगितलं. गुण प्रत्येक नाचाचे वेगळे धरतात. पहिल्याला ३, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १. सात गुण झाले की त्या नाचात त्या पायरीवर परत नाचता येत नाही, वर जावंच लागतं. वरच्या पायरीवर मिळवलेले गुण लगेच खालच्या पायरीवर दुप्पट धरतात. मला हे फार आवडलं. चांगला नाचणारा खालच्या गटात राहून पदकं जमवत बसू शकत नाही. वॉल्ट्झमध्ये सिल्व्हर आणि टँगोमध्ये अजून ब्रॉन्झ, असंही होतं.

---

खर्ज_नौपाडा

प्रत्येक नाचाची वेगळी पायरी ही कल्पना आवडली. आमच्याकडे ख्याल पुढे गेलेला आणि तराणा मागे राहिलेला विद्यार्थी एकाच परीक्षेला बसतो.

---

सीवूड्सची_आई

धाग्याबद्दल मनापासून आभार. माझी मुलगी अकरा वर्षांची, लॅटिन शिकते. आतापर्यंत मी फक्त ड्रेस शिवायचं काम केलं, हे सगळं आज समजतंय.

दोन प्रश्न आहेत. तिच्या रुंब्यात एक वेलीसारखी पायाभोवती पिळून फिरायची फिगर आहे, तिला स्पायरल म्हणतात. ती सगळ्यांना आवडते, मलाही. ब्रॉन्झमध्ये चालेल का? आणि दुसरं, 'ज्युवेनाइल' आणि 'ब्रॉन्झ' हे एकच आहे का? फॉर्मवर दोन्ही रकाने होते, मी गोंधळून दोन्हींवर खूण केली.

---

टाच_पंजा

@सीवूड्सची_आई, दोन्हींवर खूण केलीत ते बरोबरच झालं. एक वयाचा रकाना, एक पायरीचा. आंतरराष्ट्रीय नियमांत त्या वर्षी अकरा पूर्ण करणारी मुलं ज्युवेनाइल, बारा ते पंधराची ज्युनिअर, सोळा ते अठरा यूथ. वय आपोआप वाढतं, पायरी आपोआप वाढत नाही.

स्पायरल मात्र काढावी लागेल, ती सिल्व्हरची. ब्रॉन्झच्या रुंब्यात तिच्याकडे काय आहे ते बघा : न्यूयॉर्क, स्पॉट टर्न, हँड टू हँड, शोल्डर टू शोल्डर, फॅन, अलेमाना, हॉकी स्टिक, नॅचरल टॉप, क्लोज्ड हिप ट्विस्ट. आयडा, ओपन हिप ट्विस्ट, स्पायरल हे सिल्व्हर. स्लाइडिंग डोअर्स, थ्री थ्रीज हे गोल्ड. फॅन आणि हॉकी स्टिक नीट केली तर स्पायरलची उणीव भासत नाही. तिला सांगा, रुंब्यात पाऊल दोन-तीन-चारवर पडतं आणि एकवर पडत नाही. त्या 'एक'वर कंबर पूर्ण बसू दे. बहुतेक मुलं तिथे घाई करतात. जी करत नाही तिच्याकडे परीक्षकाचं लक्ष जातंच.

ड्रेसचंही विचारून घ्या. ज्युवेनाइल मुलींच्या टाचेला आंतरराष्ट्रीय नियमात ३.५ सेंटीमीटरची मर्यादा आहे, आणि टिकल्या-खडे लावलेले चालत नाहीत. खालच्या पायऱ्यांवर मोठ्यांसाठीही अनेक ठिकाणी साधे कपडेच ठेवतात. तुमचा शिवणाचा वेळ आणि खर्च दोन्ही वाचेल.

---

सीवूड्सची_आई

खडे लावून झालेत सर. आज रात्री उसवते. स्पायरलचं तिला सांगितलं, थोडी रडली, मग विचारलं, "पण सिल्व्हरमध्ये गेल्यावर करू ना?" हो म्हटलं.

---

तलावपाळी_संध्याकाळ

एक व्यवहाराचा प्रश्न. सरावाला जागा कुठे मिळते? आमच्या सोसायटीचं क्लबहाऊस आहे पण फरशी विट्रिफाइड, पाय घसरतात. टेरेसवर पाय अडकतात.

---

पामबीचची_वेल

@तलावपाळी_संध्याकाळ, आम्हीही क्लबहाऊसमध्येच करतो. स्वेडच्या तळाचे बूट असतील तर तळावर तारेचा ब्रश फिरवून घ्या, पकड येते. पण ते बूट रस्त्यावर कधीच घालू नका, एका पावसाळी दिवसात तळ गुळगुळीत होतो. सुरुवातीला फक्त पाय कुठे जातात एवढ्याचा सराव करायला फरशी पुरते. टाचेवरचं वळण मात्र लाकडावरच नीट कळतं.

आता आमच्याबद्दल थोडं, कारण काहींनी व्यक्तिगत निरोपात विचारलं.

यादी हातात आल्यावर आम्ही रूटीन पूर्ण मोडलं. नवं फक्त पाच बारचं आहे (वॉल्ट्झचा एक बार म्हणजे तीन मोजण्या) : नॅचरल टर्नची पहिली तीन पावलं, क्लोज्ड इंपेटस, रिव्हर्स टर्नची चार ते सहा, व्हिस्क, प्रॉमिनाडमधून शासे. शासेच्या शेवटी नवऱ्याचा उजवा पाय मोकळा असतो, म्हणजे परत नॅचरल टर्न. चक्र पूर्ण. वॉल्ट्झ मिनिटाला २८ ते ३० बारचा, दीड मिनिटात पंचेचाळीसच्या आसपास. आमचं चक्र नऊ वेळा बसतं. कोपऱ्यात नॅचरल स्पिन टर्न. गर्दी झाली, वाट अडली तरी कुठे थांबायचं आणि कुठून परत सुरू करायचं हे आता दोघांनाही पाठ आहे, त्यामुळे नवऱ्याचे हात गार पडत नाहीत.

एकच फिगर नऊ वेळा येते म्हणून आधी मला कंटाळवाणं वाटलं होतं. तिसऱ्या आठवड्यात एक गोष्ट झाली. क्लोज्ड इंपेटसमध्ये नवरा टाचेवर वळतो तेव्हा त्याचा उजवा पाय डाव्याला येऊन लागेपर्यंत मला त्याच्याभोवती जायला वेळ असतो. आधी मी घाईने जायचे आणि त्याला वळण संपवताच यायचं नाही. त्या दिवशी मी थांबले. तो पूर्ण वळला, आणि मला कुणी न ढकलता माझा उजवा पाय माझ्याच डाव्या पायाजवळून घासून पुढे आला. पुस्तकात बाईच्या पावलापुढे 'ब्रश' लिहिलेलं मी महिनाभर वाचत होते, ते म्हणजे हे.

---

टाच_पंजा

@पामबीचची_वेल, पाच बारचं रूटीन उत्तम आहे, तसंच ठेवा. फक्त व्हिस्कच्या तिसऱ्या पावलाला त्यांचा डावा पाय उजव्याच्या मागे ओलांडून येतो तिथे ते खाली तर बघत नाहीत ना, ते बघा. ब्रॉन्झला तिथे नव्वद टक्के पुरुषांची मान वाकते.

---

पामबीचची_वेल

बघतो! आत्ताच विचारलं, "मी कुठे बघतो खाली?" म्हणाला. बुधवारी क्लबहाऊसमध्ये मोबाइल लावून व्हिडिओ काढणार आहोत.

@सीवूड्सची_आई, आम्ही जवळच नेरूळला, स्टेशनपासून चालत दहा मिनिटं. आयएसटीडीची वॉल्ट्झ, टँगो, क्विकस्टेपची ब्रॉन्झ यादी मी देवनागरीत लिहून काढलीय, लॅटिनची बाकी आहे. रविवारी लेकीला घेऊन या, तिच्याबरोबर बसून रुंब्याची पूर्ण करू.